मालमोटारीतील मुक्काम

पुणे–बंगळूर महामार्गाने कागल मागे टाकून दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक राज्याची हद्द सुरू होते. कोगनोळीचा पथकर नाका, निपाणी शहर, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी आणि पुढे बेळगाव असा हा पट्टा आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्र. ४ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आज क्र. ४८ या नावाने दिल्लीपासून चेन्नईपर्यंत जातो. रात्री दहानंतर या पट्ट्यातील पेट्रोल पंपांच्या आवारात, ढाब्यांसमोर आणि काही ठिकाणी थेट रस्त्याच्या कडेला मालमोटारींच्या रांगा लागलेल्या दिसतात. त्यांचे दिवे विझलेले असतात. परंतु त्या रिकाम्या नसतात. जवळजवळ प्रत्येकीच्या केबिनमध्ये एक माणूस झोपलेला असतो. वर्षातील कित्येक महिने त्याचे घर तेच असते.

वाहनातच राहून एकट्याने दूरचा प्रवास करण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली त्यासाठी कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. वाहनात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असावी आणि अशी वाहने उभी करण्यासाठी पाणी व वीज असलेले तळ असावेत, हे त्या धोरणात गृहीत धरले आहे. हे योग्यच आहे. परंतु हौशी प्रवाशाला ज्या तीन-चार गोष्टी लागतात, म्हणजे सुरक्षित जागा, पाणी, शौचालय आणि शांत झोप, त्याच गोष्टी मालमोटारीच्या चालकालाही लागतात. आणि त्याला त्या हौसेखातर नव्हे, तर उपजीविकेसाठी लागतात. निपाणी-बेळगाव परिसरातून तंबाखू, साखर, गूळ, भाजीपाला, ओतकामाचे सुटे भाग असा नाना प्रकारचा माल रात्रंदिवस बाहेर जात असतो. तो नेणारा माणूस कोठे झोपतो, हा प्रश्न या परिसरातील प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा असावयास हवा. तो पुरेसा झोपला नाही तर त्याची झळ केवळ त्याला बसत नाही.

बैलगाडीचा तळ

दूरच्या मालवाहतुकीत वाहन हेच बिऱ्हाड करण्याची पद्धत या भागाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ले हे बेळगावचे बंदर होते. आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांचे तांडे कोकणात उतरत आणि मीठ, नारळ, विलायती माल घेऊन परत वर चढत. गाडीवान गाडीखालीच पथारी टाकी, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजी आणि पहाटे पुन्हा जू चढवी. मात्र त्याच्या प्रवासाला एक नैसर्गिक मर्यादा होती. बैल दिवसाकाठी सहा-सात कोसांपलीकडे ओझे ओढू शकत नसत. त्यांना चारा, पाणी आणि रवंथ करण्यास निवांत वेळ द्यावाच लागे. त्यामुळे रस्त्यावरील विहिरी, आमराया, धर्मशाळा आणि गाड्यांचे तळ हे बैलाच्या चालीच्या हिशेबाने ठरलेले होते. जनावराला विश्रांती मिळे आणि तिच्याबरोबर माणसालाही आपोआप मिळे.

मोटारीने हा हिशेब मोडला. इंजिनाला तेल आणि पाणी मिळाले की ते दिवसरात्र चालते. कोठे थांबावयाचे हे जनावर ठरवीनासे झाले. ते मालधन्याने, वाहतूकदाराने आणि पथकर नाक्याने ठरविण्यास सुरुवात केली. एके काळी जकात नाके व विक्रीकराचे तपासणी नाके यांवर मोटारी तासन् तास खोळंबत. तो खोळंबा व्यापाराच्या दृष्टीने नुकसानीचा होता यात शंका नाही. तथापि त्या रांगेत चालकाला दोन घटका डोळा लावता येई, हेही खरे आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून पथकरासाठी फास्टॅग सक्तीचा झाला. रस्ता मोकळा झाला, खेप लवकर पोहोचू लागली. सक्तीची विश्रांती मात्र गेली आणि तिच्या जागी हेतुपूर्वक दिलेली विश्रांती अद्याप पुरेशी आलेली नाही.

केबिनमधील संसार

जुन्या पद्धतीत कारखान्यातून केवळ सांगाडा व इंजिन येत असे आणि केबिन स्थानिक सुतार-लोहार लाकूड व पत्र्याची बांधीत. तिच्यात चालकाच्या पाठीमागे एक आडवी फळी असे. तीच त्याची खाट. आजच्या कारखानी केबिनमध्ये फळीऐवजी गादी आली आहे, पण जागा फारशी वाढलेली नाही. या जागेत त्याचे कपडे, अंथरूण-पांघरूण, पाण्याचा कॅन, लहानशी शेगडी, डाळ-तांदूळ-पिठाचे डबे, कागदपत्रांची पिशवी आणि समोरच्या काचेजवळ त्याचे देव असा सगळा संसार मावतो. बाहेर टपावर ताडपत्री व दोरखंड, बाजूच्या पेटीत जॅक, पाने आणि पाचर. टायरखाली लावावयाची ही लाकडी पाचर घाटात एखाद्या यंत्राइतकीच मोलाची ठरते.

चालक लॉजमध्ये न जाता गाडीतच का झोपतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर केवळ पैशाची काटकसर एवढेच नाही. रात्री उभ्या मोटारीच्या टाकीतून डिझेल चोरीस जाते, ताडपत्री फाडून माल काढला जातो, जादा चाक पळविले जाते. अशा नुकसानीबद्दल मालक प्रथम चालकालाच जाब विचारतो. म्हणजे चालक झोपलेला असतानाही तो एका परीने पहारेकरीच असतो, आणि पहारेकऱ्याची झोप गाढ नसते.

केबिनमधील उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा असणे केंद्र शासनाने बंधनकारक केले आहे. चालकाच्या श्रमांचा विचार करून उचललेले हे पाऊल महत्त्वाचे आहे. परंतु ही यंत्रणा सर्वसाधारणपणे इंजिन चालू असेपर्यंतच चालते. मुक्कामाला इंजिन बंद केले की केबिन पुन्हा तापते. काचा उघडाव्यात तर डास आणि चोर. काही चालक अशा वेळी काचा लावून इंजिन चालूच ठेवतात. त्यात डिझेल तर जळतेच, शिवाय धूरनळीला गळती असल्यास विषारी वायू केबिनमध्ये शिरण्याचा धोका असतो. या वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जाणवत नाही. थंडीच्या दिवसांत बंद केबिनमध्ये शेगडी पेटती ठेवणे हेही तितकेच घातक आहे.

दुसरा चालक

पूर्वी लांबच्या खेपेवर चालकाबरोबर क्लीनर असे. तो त्याला ‘उस्ताद’ म्हणे, मोटार धुई, घाटात पाचर लावी, वळणावर पाठीमागचे सांगे आणि हळूहळू चालविण्यासही शिके. आज मोठ्या वाहनांवर पुष्कळदा चालक एकटाच असतो. यामागे मजुरीचा खर्च आहे, चालकांचा तुटवडा आहे आणि नियमातील एक बदलही आहे. तो बदल समजून घेण्यासारखा आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९० अन्वये राष्ट्रीय परवान्यावर चालणाऱ्या मालवाहू वाहनावर किमान दोन चालक असणे आवश्यक होते. इतकेच नव्हे, तर चालकाच्या आसनामागे केबिनच्या संपूर्ण रुंदीची बैठक असावी, जेणेकरून दुसऱ्या चालकास अंग पसरून झोपता येईल, असेही त्या नियमात म्हटले होते. एक चालवील तेव्हा दुसरा झोपेल, ही त्यामागील कल्पना. नोव्हेंबर २०१८ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि दोन चालकांची अट काढून टाकण्यात आली. अटीचे पालन अनेक ठिकाणी कागदावरच होत असे, रस्ते सुधारले होते, चालक मिळत नव्हते. ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण अट गेल्यानंतर एक प्रश्न मागे राहिला. दोघांच्या पाळीने चालणारी खेप आता एकट्याने करावयाची, तर तिला लागणारा वेळही वाढला पाहिजे. तो वाढला आहे काय?

एक हिशेब पाहण्यासारखा आहे. मुंबईहून बंगळूर सुमारे ९८० किलोमीटर आहे. मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते; म्हणजे या अंतरास पाच दिवस मिळतात. चालकाने दिवसाला आठ तास आणि तासाला सरासरी ५० किलोमीटर गाडी हाकली, तर त्याचे दिवसाचे ४०० किलोमीटर होतात व तिसऱ्या दिवशी तो मुक्कामी पोहोचतो. कागदपत्रांची मुदत त्याला रात्रभर जागवीत नाही. त्याला जागविते ते लवकर पोहोचविण्याचे वचन, खेपेवर मिळणारा भत्ता आणि माल उतरविण्याच्या ठिकाणी वाया गेलेले तास. वखारीच्या दाराशी दिवसभर खोळंबलेला चालक तो वेळ रात्री रस्त्यावर भरून काढू पाहतो.

झोपेची थकबाकी

झोप ही उधारीवर चालत नाही. सतत १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत आढळून आले आहे. आपल्या कायद्याने चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम ठेवली आहे. मद्य तपासण्याचे यंत्र पोलिसांपाशी असते; झोप तपासण्याचे यंत्र नाक्यावर नसते.

मानवी शरीराचे घड्याळ मध्यरात्रीनंतर, विशेषतः दोन ते पाच या वेळात, आणि पुन्हा दुपारी जेवणानंतर झोपेची मागणी करते. या वेळी डोळे उघडे असतानाही मेंदू क्षणभर झोपू शकतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर रस्ता चालकाविना. बेळगावकडून येताना तवंदीच्या घाटात उतार आणि वळणे एकत्र येतात. तेथे भरलेले वाहन खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधाने उतरविणे आवश्यक असते; केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापून निकामी होतात. हा निर्णय घाटाच्या माथ्यावर घ्यावयाचा असतो आणि पेंगुळलेला चालक नेमका तोच घेत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी ६१,०३८ मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवरील होते. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांहून थोडीच अधिक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते. झोपेमुळे अपघात झाला अशी नोंद क्वचितच होते. वाचलेला चालक तसे सांगत नाही आणि दगावलेल्यास विचारता येत नाही.

डोळे जड होऊ लागले की चहा, तंबाखू किंवा मोठ्या आवाजातील गाणी यांचा आधार घेतला जातो. चहाने थोडा वेळ निभावते. झोपेची जागा तो घेऊ शकत नाही. सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटे झोपणे आणि त्यानंतर चहा घेणे हा उपाय अधिक खात्रीचा आहे. जागे राहण्यासाठी गोळ्या घेण्याची सवय मात्र शरीरास व कुटुंबास फार महागात पडते.

कायद्याने काय दिले

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ या कायद्याने कामाचे तास सर्वसाधारणपणे दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस असे ठरविले होते. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असे त्यात होते. त्याचे कलम ९ तर आजही वाचण्यासारखे आहे. कामगारांना जेथे रात्री थांबावे लागते अशा प्रत्येक ठिकाणी मालकाने विश्रांतिगृह किंवा अन्य योग्य निवास पुरवावा, असे ते कलम सांगत होते. परंतु हा कायदा मुख्यत्वे पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. कर्ज काढून एकच मोटार घेतलेला आणि स्वतःच ती चालविणारा मनुष्य या छत्राखाली येत नव्हता. आणि विश्रांतिगृहाचे कलम मोठ्या आस्थापनांतही सर्वत्र पाळले गेले असे म्हणता येणार नाही. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

परदेशांत हा प्रश्न अधिक काटेकोरपणे हाताळला गेला आहे. युरोपीय संघात चालकाने साडेचार तास वाहन चालविल्यावर पाऊण तास थांबले पाहिजे आणि दिवसाचे एकूण चालविणे सामान्यतः नऊ तासांवर जाता कामा नये. वाहनात बसविलेले यंत्र ही नोंद आपोआप ठेवते. आठवड्याची पूर्ण विश्रांती तर केबिनमध्ये घेण्यासच मनाई आहे. ती योग्य निवासस्थानी घ्यावी लागते व त्याचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो. अमेरिकेत २००९ साली मोटार उभी करण्यास जागा न मिळालेला एक चालक बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर विश्रांती घेत असता लुटारूच्या गोळीस बळी पडला. त्याच्या नावाने ‘जेसनचा कायदा’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद २०१२ साली झाली आणि मालमोटारींच्या वाहनतळांसाठी निधीची वाट खुली झाली.

आपल्या देशात फेब्रुवारी २०२४ मध्ये महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांती केंद्रे उभारण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्या काही पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ या नावाने खाटा, स्नानगृह, शौचालय व स्वयंपाकाची जागा अशी सोय करीत आहेत. या सोयींचे खरे मोल त्या कोठे आहेत यावर ठरेल. घाट चढण्यापूर्वी व उतरण्यापूर्वी, राज्याच्या सीमेजवळ आणि मोठ्या बाजारपेठेच्या अलीकडे जागा मिळाली तर ती वापरली जाते. शिवाय ती राखणीची असली पाहिजे. गाडी सुरक्षित असल्याची खात्री नसेल तर खाट कितीही स्वच्छ असो, चालक केबिन सोडणार नाही.

रस्ता बंद होतो तेव्हा

वाहनात राहणाऱ्या माणसाची खरी परीक्षा रस्ता बंद झाल्यावर होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापूरजवळ शिरोली येथे आणि वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्गावर आले. वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली आणि मालमोटारींच्या रांगा मैलोगणती वाढल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसेच घडले. पाण्याने वेढलेल्या रस्त्यावर पिण्याच्या पाण्याचीच टंचाई, असा विचित्र प्रसंग चालकांवर आला. आसपासच्या गावांनी व संस्थांनी अशा वेळी शिजविलेले अन्न पुरविले, ही या परिसराची चांगली रीत होय.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत अडचण निराळ्या प्रकारची होती. रस्ता मोकळा होता, पण ढाबे आणि दुरुस्तीची दुकाने बंद होती आणि परगावच्या चालकाकडे लोक संशयाने पाहत होते. १५ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मालवाहू वाहनांबरोबरच महामार्गावरील ढाबे व दुरुस्तीची दुकाने यांनाही मुभा देण्यात आली. त्याच सूचनांत प्रत्येक वाहनावर दोन चालक व एक मदतनीस यांना परवानगी होती. दोन चालकांची सक्ती उठून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते.

गावाकडून होण्याजोगे

महामार्गालगतच्या गावांनी आणि बाजार समित्यांनी काही गोष्टी अल्प खर्चात करता येतात. बाजार समितीच्या आवारात किंवा वखारींच्या भागात रात्रीच्या मुक्कामासाठी दिवाबत्ती, नळ, शौचालय आणि एक राखणदार असलेली जागा राखून ठेवली, तर मोटारी रस्त्याच्या कडेला उभ्या राहणार नाहीत. धोका होईल अशा रीतीने सार्वजनिक रस्त्यावर वाहन उभे ठेवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार गुन्हा आहे. परंतु दुसरी जागाच नसेल तर केवळ दंडाने रस्ता मोकळा होत नाही. माल चढविण्या-उतरविण्याची वेळ आधी कळवून पाळण्याची पद्धत व्यापाऱ्यांनी सुरू केल्यास चालकाचे कित्येक तास वाचतील.

अपघातप्रसंगी जमावाचे वर्तन हा नाजूक विषय आहे. चालक पळून गेला म्हणजे तो दोषीच, असे समजले जाते. जखमीस मदत करणे व पोलिसांस कळविणे हे चालकाचे कर्तव्य कलम १३४ ने ठरविले आहेच. परंतु जमावाच्या क्षोभामुळे तेथे थांबणे अशक्य झाल्यास त्याची दखल हेच कलम घेते. जमावाने मारहाण केली नाही तर जखमीस रुग्णालयात नेण्यास आणखी दोन हात मिळतात. मदत करणाऱ्या नागरिकास २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याने नाव सांगणेही ऐच्छिक आहे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि सर्वसाधारण आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. शाळांतून ते पाठ करून घेतल्यास मुले ते घरोघर पोहोचवितील.

गळीत हंगामात आणखी एका गोष्टीकडे लक्ष देणे जरूर आहे. संकेश्वर, निपाणी आणि कागल परिसरात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या व बैलगाड्या रात्री महामार्गावर येतात. पुष्कळांच्या पाठीमागे दिवा नसतो आणि लोंबणाऱ्या उसाने परावर्तक पट्टी झाकलेली असते. पाठीमागून येणाऱ्या थकलेल्या चालकाला अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. कारखान्यांनी हंगामाच्या आरंभी प्रत्येक ट्रॉलीला व गाडीला परावर्तक पट्ट्या लावून घ्याव्यात. ऊस भरून झाल्यावर मागील पट्टी मोकळी आहे ना, हे गाडीवानाने वा ट्रॅक्टरचालकाने फडातून निघण्यापूर्वी एकदा उतरून पाहावे.